धारूरच्या घाटात थांबवलेली पोर

बाई, आज दुपारी धारूरच्या घाटात मी एका मुलीला थांब म्हणाले आणि ती थांबली. आत्ता ती खाली लॉजच्या अंगणात चुलत्याच्या टेम्पोला टेकून उभी आहे. चुलता तिला नांदूरघाटला, घरी न्यायला आलाय. ती गेली तर उद्या सकाळी शर्यतीला उभी राहणार नाही, आणि माझा अंदाज खरा असेल तर पुन्हा कधीच नाही. जायच्या आधी तिला माझ्याकडून एकाच गोष्टीचं उत्तर हवं आहे. मला कावून थांबवलं? मी तिला म्हणाले, हातपाय धुऊन येते. हातपाय धुऊन झाले, चहा गार झाला, खिडकीशी जाऊन आले, पुन्हा गेले, आणि आता पलंगावर बसून तुम्हाला लिहिते आहे. कारण हाच प्रश्न मला तुम्हाला विचारायचा होता. तुम्ही गेलात तेव्हा मी विशीत होते. आज मी तुमच्या त्या वेळच्या वयापेक्षा मोठी आहे, आणि तरी हे लिहिताना पाठ सरळ करून बसले आहे, तुम्ही वर्गात आल्यावर बसायचे तशी.

तुम्हाला हे सगळं नवं असेल म्हणून आधी सांगते. मुलींच्या सायकल शर्यती आता तुमच्या वेळच्यासारख्या राहिल्या नाहीत. शाळेच्या मैदानाला फेऱ्या, बक्षिसाला स्टीलचा डबा, अध्यक्षांचं भाषण संपेपर्यंत उन्हात उभं राहणं, ते संपलं. आता संघ असतात, संघांच्या मागे कंपन्या असतात, मुलींना पगार असतो. अशाच एका संघाची मी प्रशिक्षक आहे. शर्यत चालू असताना मी मागून गाडीत बसते. मुलींच्या कानात एक बारीकसं यंत्र असतं, त्यातून माझं बोलणं त्यांना ऐकू जातं आणि त्यांचं मला. तुम्ही दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडायचात, तसं मला ओरडावं लागत नाही. कुजबुजले तरी पोचतं. कधीकधी वाटतं, तुमचं बरं होतं. ओरडायला आधी छातीभर श्वास घ्यावा लागतो, आणि तेवढ्या वेळात माणूस थोडा विचार करतं.

शर्यत बऱ्याच दिवसांची आहे, रोज एक टप्पा. सगळ्या दिवसांची वेळ मिळवून जिची सर्वांत कमी, ती शेवटी जिंकते. आमची कप्तान पुण्याची. सपाटीवर आणि शेवटच्या धावेत तिला तोड नाही, आणि आज सकाळपर्यंत एकूण वेळेत ती दुसरी होती. ही पोर मेंढ्या राखणाऱ्या घरातली. चढावर तिच्यासारखी या शर्यतीत कुणी नाही, हे मला ठाऊक आहे, तिलाही ठाऊक आहे. आणि आजचा टप्पा आपल्या जिल्ह्यातला. परळीहून सुटायचं, सिरसाळा, तेलगाव, तिथून डावीकडे वळून धारूरचा घाट चढायचा, मग वर पठारावरून केज, आणि शेवट इथे अंबाजोगाईत. नकाशा हातात आला त्या दिवसापासून मला धड झोप नाही. मुलींना वाटलं मॅडम माहेरच्या रस्त्यावर जायचं म्हणून हरखल्यात.

मला मात्र तुमचं स्वयंपाकघर दिसत होतं. बाजाराच्या मागच्या गल्लीतलं, खिडकीला निळा रंग दिलेलं. तुम्ही भाकऱ्या थापताय आणि आम्ही तिघीचौघी ओट्याला टेकून उभ्या आहोत. मी विचारते, बाई, घाट आला की काय करायचं? तुम्ही हात पदराला पुसता, भिंतीला लावलेला पोळपाट काढता, त्याच्याखाली डाळीचा डबा सारून तो तिरपा करता. पायथ्याला मूठभर शेंगदाणे. दोन बोटांनी त्यांच्यापुढे एक चिंचोळी वाट करता आणि म्हणता, "रस्ता एवढाच आहे. सगळ्या एकदम घुसणार. वर आधी कोण जाईल?" कुणीतरी म्हणतं, जिचे पाय भक्कम ती. "पाय नंतर. आधी जागा." तुम्ही शेंगदाणे ढकलता. पुढचे सुटतात, मागचे तुमच्या बोटाशी अडून बसतात. "पहिली राहू नको, सगळा वारा तुझ्याच अंगावर येईल. विसावी राहू नको, पुढची एक अडखळली की तुझा पाय खाली. घाट लागायच्या आधी पाचवी-सहावी जागा धर आणि कुणी कितीही कोपर मारलं तरी सोडू नको." असं म्हणून तुम्ही घाटातले शेंगदाणे तोंडात टाकलेत. तोवर तव्यावरची भाकरी करपली होती. ती तुम्ही माझ्या ताटात टाकलीत. "प्रश्न तुझा, भाकरी पण तुझी."

आज सकाळी परळीत सुटायच्या जागी मुली उभ्या होत्या आणि मी औष्णिक केंद्राच्या चिमणीकडे बघत होते. परळीत वाऱ्यासाठी कुठे बघायचं हेही तुम्हीच सांगितलं होतं. धूर सिरसाळ्याच्या अंगाला कलला होता. म्हणजे तेलगावपर्यंत वारा पाठीवर, सगळ्या सुसाट जाणार. घाटात तो डाव्या अंगाने येणार. आणि वर पठारावर, केज सोडून अंबाजोगाईकडे वळलं की थेट तोंडावर. तशा वाऱ्यात एकटीने पुढे राहणं म्हणजे भिंत ढकलत जाणं. दोघी असल्या की आळीपाळीने एकमेकींच्या आडोशाला जाता येतं. मी मुलींना तेच सांगितलं. या पोरीने कप्तानला पाठीशी घेऊन पाचव्या-सहाव्या जागेवर पायथा गाठायचा, कप्तानला झेपेल त्या वेगाने घाट चढायचा, वर दोघींनी मिळून वारा अंगावर घ्यायचा आणि शेवटची धाव कप्तानची.

"म्हंजे आमच्या मेंढ्यांम्होरं चालते तशी चालू का, मॅडम?"

"तशीच चाल."

"मंग कप्तानताईंना सांगा, मधीच कुठं हिरवं दिसलं तर तोंड घालायचं न्हाई."

कप्तान हसली. मीही हसले. सकाळ चांगली होती.

सिरसाळ्यातून आम्ही गेलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळेतली पोरं उभी होती आणि पोरींचा घोळका त्यांच्यापुढून इतक्या वेगात गेला की टाळ्या मागाहून वाजल्या. पाठीवर वारा असला की सगळ्यांनाच आपण थोर वाटतो. गोंधळ तिथेच होतो, कारण पुढे येण्यासाठी कुणाला कष्ट पडत नाहीत आणि मागे पडलेलीला आपण मागे पडलो हे कळत नाही. तेलगावच्या अलीकडे कप्तान पाण्याच्या बाटल्या घ्यायला आमच्या गाडीपाशी आली. बाटल्या घेऊन ती घोळक्यात परतली, पण पुढे सरकायला रेंगाळली. मी यंत्रात सांगत होते, पुढे हो, पुढे हो. ती म्हणाली, होतेय. वळणावर उसाची ट्रॉली कडेला थांबवलेली होती आणि तिच्यातून चार ऊस रस्त्यावर सांडलेले. एकीने ब्रेक दाबला, तिच्या मागचीने दाबला, आणि बाई, तुमच्या बोटाशी अडलेले शेंगदाणे मी डोळ्यांनी पाहिले. कप्तान विसावीच्या आसपास होती. तिचा पाय खाली आला. ही पोर सहावी होती. ती सुटली.

घाट सुरू झाला तेव्हा ती चौघींच्या गटात पुढे होती. दुसऱ्या-तिसऱ्या वळणानंतर एकटीच. धारूरचा घाट तुम्ही पाहिला आहे, खालच्या वळणावरून वरचा रस्ता दिसतो, मध्ये सीताफळाची झुडपं आणि दगड. मी कप्तानच्या मागे होते. ती पाय मारत होती, पण तिच्या खांद्यांची हालचाल वाढली होती, ते चांगलं लक्षण नसतं. आमचा ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, वर बघा की, आपली पोर बघा." मी बघते म्हणाले आणि यंत्राचं बटण दाबलं.

"थांब."

"कावून?"

"कप्तान मागे राहिलीय. तिला घे."

यंत्रात तिचा श्वास ऐकू आला. फार लागलेला नव्हता. "लई पुढं आलेय, मॅडम. माथा दिसायलाय."

"थांब म्हणते ना."

पुढे काय झालं ते मी नंतर कुणाकुणाच्या फोनवर पाहिलं. या घाटाची एक रीत तुम्हालाही माहीत होती. चढणाऱ्या कशालाही हात लावायचा. उसाची बैलगाडी असो, बंद पडलेली जीप असो, कुणाची म्हणून विचारायचं नाही. शेळ्यांमागचा माणूस काठी बगलेत मारतो, चाकाला खांदा देतो, गाडी माथ्यावर गेली की आपल्या शेळ्यांकडे वळतो. आभार कुणी मानत नाही आणि मानले तर तो ओशाळतो. तर माथ्याजवळच्या वळणावर नांदूरघाटची निम्मी आळी टेम्पोतून येऊन उभी होती, हलगी घेऊन. आपली पोर एकटी पुढे येताना दिसली तशी हलगी सुरू झाली. आणि तेवढ्यात त्यांच्यासमोर पोरीचे पाय मंदावले. तिने मान वळवून मागे पाहिलं. सायकल जवळजवळ उभी राहिली. त्यांनी काय समजायचं?

"लावा रं हात पोरीला," चुलता म्हणाला.

"काका, हात लावू नगा."

"गप. दमलीस."

"दमले न्हाई, थांबायलेय."

"घाटात कोन थांबतंय व्हय? उगं लाजू नको."

पाठीला, सीटला, कमरेला हात लागले. तिने ब्रेक दाबले. त्यांना वाटलं सायकल जड झाली, म्हणून आणखी दोघं धावले. ब्रेक दाबलेली सायकल आणि तिच्यावर ओरडणारी पोर त्यांनी वळणाच्या वरपर्यंत नेऊन ठेवली, हलगीच्या तालावर. मागून मोटरसायकलवर पंच येत होते. त्यांनी सगळं टिपून घेतलं.

त्यानंतर सगळं माझ्या मनासारखं झालं, हे मला लिहायला अवघड जातंय. कप्तान वर आली, पोरीने तिला पाठीशी घेतलं. ती थांबली तेव्हा पुढे निघून गेलेल्या तिघींना त्यांनी केजच्या अलीकडे गाठलं. केजपासून वारा तोंडावर आला आणि पोर पुढे राहिली, जवळजवळ सगळा वेळ, डोकं खाली घालून. मागे बघत नव्हती, मी काही सांगितलं तर हूं म्हणत होती. अंबाजोगाई दिसायला लागल्यावर ती बाजूला झाली आणि कप्तान सुटली. कप्तान टप्पा जिंकली आणि एकूण वेळेतही पहिली आली. कंपनीच्या साहेबांचा फोन आला, पेढे आले. आणि पोरीला, बाहेरच्यांनी ढकललं म्हणून, वेळेचा दंड लागून तिचं नाव पार खाली गेलं.

चुलता पंचांपुढे जाऊन उभा राहिला.

"बाहेरच्या माणसाने ढकलायचं नसतं," पंच म्हणाले.

"बाहेरचा कोन? मी सख्खा चुलता हाय तिचा."

"तरीही."

"मंग घाटात पोरगी अडली तर काय टाळ्या वाजवायच्या?"

"हो काका, टाळ्याच वाजवायच्या."

चुलता त्यांच्याकडे बघत राहिला. माणूस चांगला वाटतोय आणि असं कसं बोलतोय, अशा नजरेने. मग तो पोरीकडे वळून म्हणाला, चल घरी. जिथं आपल्या माणसानं हात लावला की पाप, तिथं कशाला ऱ्हायचं.  ती माझ्याकडे आली आणि तिने विचारलं. मी वाऱ्याचं बोलायला लागले तर म्हणाली, ते न्हाई इचारलं. आणि मी हातपाय धुवायला वर आले.

मांजरसुंब्याचा घाट आता ओळखू येत नाही, बाई. तिथे मोठा रुंद रस्ता झालाय, गाड्या चढ आहे हे न कळता चढतात. मागच्या महिन्यात तिथून जाताना मी ते वळण शोधत होते, सापडलं नाही. पण तुम्ही मला तशाच दिसता. तुमच्या सरांच्या, म्हणजे यजमानांच्या, स्कूटरवर मागे बसलेल्या, पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हात तोंडाशी. मी अकरावीत आहे. माझ्यापुढे कुणी नाही, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. आणि मागून तुमची हाक, "थांब. तिला घेऊन ये." ती म्हणजे आपल्या शाळेची दुसरी मुलगी, कचेरीतल्या साहेबांची, गिअरच्या सायकलवाली. शाळेच्या संघाची वेळ दुसरी मुलगी पोचेल तेव्हाची धरत, म्हणजे मी एकटी कितीही आधी पोचले तरी ढाल मिळणार नव्हती. हे मला तेव्हाही कळत होतं. मी थांबले. तिला पाठीशी घेतलं आणि बीडच्या बाजूने येणारा तो सगळा चढ तिला आडोसा देत संपवला. शेवटच्या सपाटीवर ती माझ्या मागून निघाली आणि माझ्यापुढे पोचली. ढाल शाळेला मिळाली. राज्याच्या निवडीला तिचं नाव गेलं.

मी किती तऱ्हांनी विचार केलाय. एकदा वाटायचं, तुम्ही ढालीसाठी थांबवलंत, आणि ते बरोबरच होतं. एकदा वाटायचं, तुम्हाला खात्री होती की मी पुढे दम तोडणार, म्हणून. आणि एक तिसरी गोष्ट होती, ती मी आईलासुद्धा बोलले नाही. आमची वस्ती गावाच्या कुठल्या अंगाला होती, आम्ही रविवारी कुठल्या विहारात बसायचो, हे तुम्हाला माहीत होतं. साहेबांची मुलगी कोण हेही माहीत होतं. मग लगेच मला तुमचं स्वयंपाकघर आठवायचं, तुमच्याच तांब्याने प्यायलेलं पाणी, ताटात टाकलेली करपलेली भाकरी, आणि मी मनातल्या मनात तुमची माफी मागायचे. आणि रात्री पुन्हा वाटायचं, भाकरी वेगळी आणि निवड वेगळी. माणसं एक देतात आणि दुसरं देत नाहीत, हे आमच्या वस्तीत लहान पोराला पण कळतं.

शर्यतीनंतर काही दिवसांनी तुम्ही आमच्या घरी आलात. उंबऱ्यावर बसलात, आईकडे चहा मागितलात, बिनदुधाचा चालेल म्हणालात. पिशवीतून बूट काढलेत, पुण्याहून आणवलेले, सायकलचे. माझ्या पायाला मोठे होत होते. "पाय वाढतील. तोवर पुढे कापूस घाल." आई म्हणाली, "बाई, पोरगी नंबरात आली न्हाई तरी बक्षीस?" तुम्ही म्हणालात, "बक्षीस नाही हो, बूट आहेत." आणि चहा संपवून उठलात. घाटाचं नाव काढलं नाहीत. मीही नाही. त्या बुटांवर मी पुढची कितीतरी वर्षं सायकल चालवली, राज्याला खेळले, त्याच जोरावर नोकरीला लागले. टाचा दोनदा शिवून घेतल्या. पायात घालताना दर वेळी मला वाटायचं, हे कशाचे आहेत, विश्वासाचे की भरपाईचे? दोन्ही पाय सारखेच गरम व्हायचे.

खाली हॉर्न वाजला. चुलता आहे. मी जाऊन येते.

आले. अर्धा तास झाला असेल, जास्तही असेल. क्रमाने लिहिते.

मी खाली गेले तेव्हा ती टेम्पोच्या पायरीवर बसली होती. सायकल लॉजच्या भिंतीला लावलेली, पुसून स्वच्छ. चुलता म्हणाला, "च्या घ्या मॅडम." राग असला तरी चहा विचारायचा, ते त्याने केलं. मी नको म्हणाले आणि पुन्हा वाऱ्यापासून सुरुवात केली, माणूस घाबरला की पाठ असलेलं म्हणतं तसं.

"वारा मला बी लागत व्हता," ती म्हणाली. "मला तेवढं कळतंय. माझं इचारनं येगळं हाय. तुमाला वाटलं का मी पुरनार न्हाई? का त्या पुन्याच्या अन् मी मेंढराकडची, म्हनून?"

बाई, मी वर खोलीत बसून तुमच्यासाठी जी कारणं मांडली होती, तीच तिने माझ्यापुढे मांडली. मी आत शोधायला लागले, यातलं माझं कुठलं. आणि मला दिसलं की यातलं एकही नाही. ते दिसल्यावर ते तिला सांगावं असं मला मुळीच वाटलं नाही. जातीचं नाही, गावाचं नाही, तू पुरली असतीस, एवढं म्हणाले असते तर ती बहुधा खूश होऊन राहिली असती.

"मी तुझ्याकडे बघितलंच नाही," मी म्हणाले. "ड्रायव्हर म्हणाला वर बघा, मी बघते म्हणाले आणि नाही बघितलं. माझ्यापुढे कप्तानची पाठ होती, तिचे खांदे हलायला लागले होते, मी तेवढंच बघत होते. तू पुरशील का, जिंकशील का, हा विचार मी केला नाही. थांबवणं चूक होतं असं मला अजूनही वाटत नाही. पण मी तुझा विचार करून थांबवलं नाही. तू माझ्या डोक्यातच नव्हतीस."

 चुलता बोलला. "ऐकलं का. बघितलं न्हाई म्हनं." मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, "आमी तरी बघून हात लावला, मॅडम. चुकलो आसंन. पन बघून."

 अंगणात कुणीतरी नळ सोडला होता, बादली भरून वाहत होती. पोरीने उठून नळ बंद केला. परत येऊन ती बसली नाही, सायकलपाशी गेली, मागचं चाक उचलून हाताने एकदा फिरवलं.

"उंद्या बी घाट हाय ना?"

"आहे."

"थांबवायचं आसंल तर थांबवा. पगार घेते, थांबंन मी. पन आधी वर बघायचं. मी कशी चालायलेय ते बघायचं, अन् मंग म्हनायचं. न बघता म्हनलं तर मी कानातलं काढून फेकून देनार."

"बघेन."

"न्हाई बघितलं तर मला कळतंय. आवाजावरून कळतंय. आज बी कळलं व्हतं." मग चुलत्याला, "काका, तुमी निघा."

"अन् तू?"

"मी कशाला? घाट हाय उंद्या."

"मंग इतका येळ मला कावून बसवून ठिवलं?"

"भाकरी ठेवून जावा."

चुलत्याने टेम्पोतून फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या काढल्या, ठेचा काढला, आणि जाताना मला म्हणाला, "बघा हां, मॅडम." त्याला एवढंच म्हणायचं होतं. टेम्पो गेला. मी वर आले.

आता ती राहिली आहे, शर्यत उद्या आहे, मला स्वस्थ वाटायला हवं. वाटत नाही. मी इतकी वर्षं तुमची तीन कारणं घेऊन बसले होते, आणि तिन्हींत मी होते. माझा दम, माझी जात, माझी शाळेसाठीची ढाल. तुम्ही स्कूटरवरून मागे वळून साहेबांच्या मुलीकडे बघत होतात, तिची सायकल डगमगत होती, आणि बघता बघता तुमच्या तोंडून थांब निघून गेलं, असं झालं असेल हे माझ्या कधी मनातच आलं नाही. मग नंतर घरी, भाकरी करताना किंवा वह्या तपासताना मी तुम्हाला दिसले असेन. तेव्हा बूट आले असतील. हे खरं आहे असं मी म्हणत नाही. ते मला कळायचा आता काही मार्ग नाही, आणि उद्या दुसरं काही वाटेल. पण आज संध्याकाळी मला असं वाटतंय, आणि ते जातीच्या शंकेपेक्षा हलकं आहे की जड, हे मला ठरवता येत नाही. रागवायला माणूस लागतं. ज्याचं लक्ष नव्हतं त्याच्यावर कसं रागवायचं?

तुमच्या शेवटच्या आजारात मी दवाखान्यात आले होते, तुम्हाला आठवतं का? सर औषधं आणायला गेले होते, खोलीत आपण दोघीच. मी मोसंबी सोलत होते. तुम्ही बराच वेळ माझ्याकडे बघत होतात आणि म्हणालात, "काही विचारायचंय का तुला?" मी म्हणाले नाही, आणि विचारलं की इथल्या जेवणात मीठ असतं का. तुम्ही म्हणालात, असतं, कमी असतं. मग सर आले. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आले की बाईंना विचारायचं राहून गेलं. राहून गेलं नव्हतं. प्रश्न माझ्या तोंडाशी होता आणि तुम्ही दार उघडून धरलं होतंत. तुम्ही आम्हाला कधी खोटं सांगितलं नाहीत, बाई, आणि म्हणूनच मी विचारलं नाही.